उंद्रीतली दुसरी खुर्ची

बिनसलं ते खुर्च्यांपासून. म्हणजे घोळ घातला मीच, पण तिथपर्यंत पोचायला जरा वेळ द्या मला.

आमची संस्था बचत गटांच्या बायकांसोबत काम करते. सुनंदाताई तिच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची, समाजकार्यात एम.ए. झालेली, कडी वाजली तरी दचकणारी. आमच्या बैठकीत प्रमुखांसकट सगळे सतरंजीवर बसतात. खुर्ची निघते ती फक्त निरोपाला. संस्था सोडून चाललेल्या माणसाला वर बसवायचं, हार घालायचा, शाल द्यायची आणि मग सगळ्यांनी रडायचं.

त्या दिवशी उंद्रीच्या बैठकीत समोर दोन खुर्च्या! एकीवर ताई बसल्या, दुसरी थोपटून मला म्हणाल्या, "ये, बस इथी."

सांगा, तुम्ही काय समजला असता? ताई संस्था सोडतील हे तर कुणाच्या स्वप्नातही नाही. मग उरलं कोण? मागच्याच आठवड्यात जानेफळला मी शिवणकामाच्या गटाला तासभर मिरची कांडपयंत्राची माहिती दिली होती. बायकांनी बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. ते ताईंपर्यंत पोचलं असणार!

उंद्रीच्या गटाच्या अध्यक्ष कमलाबाई हार घेऊन आल्या. मी हळूच विचारलं, हे कशासाठी? "ताई सांगतीन ना. उगी बस आता," असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले.

झालं. खात्रीच पटली माझी.

पण मी ठरवलं, काढून टाकल्याचं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. जायचं तर ताठ मानेनं. ताई उठायच्या आत मीच उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माइक न थरथरता धरला. म्हटलं, मी गेले तरी काम थांबू देऊ नका. माझ्या जागी येईल तिला सांभाळून घ्या. ताईंनी दोनदा माझी ओढणी ओढली. मला वाटलं, आवरतं घे म्हणताहेत. बायका आ वासून बघत होत्या. काय प्रभाव पडलाय, वाटलं मला! सगळ्यांना नमस्कार केला, आणि रस्त्यावर चिखलीची काळीपिवळी उभीच होती, तिच्यात चढले.

चिखलीचं स्टँड येईस्तोवर ताठ मान खाली आली. बुलढाण्यात बाबांनी अख्ख्या भावकीला सांगून ठेवलं होतं, पोरगी नोकरीला लागली म्हणून. आता घरी काय सांगू? हातापाया पडायचं ठरवलं आणि ताईंना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. पुन्हा. बुलढाण्याच्या दोन गाड्या सोडल्या, तरी लावतच होते.

एकदाचा उचलला.

"कुठी हायेस तू?" ताईच होत्या. मागे बायकांचा गलका.

"चिखलीला. ताई, एक संधी द्या ना. काढू नका मला."

"तुले कोन काढून राह्यलं? सोडून तं मी चालली. आता हे सारं तुलेच पाहाचं हाये."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगतलं तं तू पयून जाशीन म्हनून."