क्लासपाथ नेहमीप्रमाणे लावून घ्यावा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात पिंप्राळ्याला दोन खोल्यांची एक कॉम्प्युटर फर्म होती, तिथे मी चाचणीवर होतो. अमळनेरच्या सरकी तेलाच्या मिलमध्ये बिलांचा प्रोग्राम चालू करून दाखवला तर कायम, नाहीतर पुण्याच्या कंपनीचा माणूस येणार आणि मी धरणगावकडच्या आमच्या खेड्यात परत. फर्मच्या मालकांनी, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, हे मला तोंडावर सांगितलं होतं.

प्रोग्राम पुण्याचा. त्याचे तुकडे गिऱ्हाइकाच्या मशीनवरच जुळवावे लागत आणि त्यासाठी त्यांनी एक बिल्ड टूल दिलं होतं. कुठला तुकडा कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचा याचा पत्ता टूलला आधी द्यायचा, तो क्लासपाथ. पिंप्राळ्याला मी तो लावला आणि प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. अमळनेरला चालेना. म्हणे, क्लास, म्हणजे त्यातला एक तुकडा, सापडत नाही. अरे, सापडत नाही काय? फाइल माझ्या डोळ्यांसमोर आहे!

मॅन्युअल उघडलं. जाडजूड, इंग्रजी. माऊस कसा धरावा याला अख्खं पान, चित्रासकट. क्लासपाथला एक ओळ: तो नेहमीप्रमाणे लावून घ्यावा.

कोणाच्या नेहमीप्रमाणे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. प्रवेशाच्या खिडकीवरही हेच ऐकलं होतं, "दाखले नेहमीचेच, एवढंही माहीत नाही?" नाही माहीत. सांगायला घरात होतं कोण? ज्यांच्या घरातलं कोणीतरी आधी जाऊन आलेलं असतं, त्यांच्यापुरतंच लिहितात हे लोक. वर आपल्यालाच अडाणी ठरवतात.

मिलचे म्हातारे मुनीम, नाना, मागे खुर्ची टाकून बसले होते. दसऱ्याला काट्याची आणि घाण्याची पूजा झाली, तशी या नव्या मशीनचीही झाली होती. मॉनिटरवर कुंकवाचं बोट अजून होतं.

"काय शे पोऱ्या, चालस का नही?"

"चालेल, नाना."

"पुनावाला उद्या येई म्हने."

मी चिडून तो एरर पुन्हा वाचला. टूल जिथे शोधत होतं तो पत्ता त्यात छापलेला होता. 'श्री'पर्यंत येऊन संपला होता. पुढे काहीच नाही.

पूजेच्या दिवशी नानांनी मशीनवर पहिलं फोल्डर बनवून घेतलं होतं, इंग्रजी अक्षरांत 'श्री गणेश'. मिलचं जे काही असेल ते त्याच्याच आत, असा त्यांचा दंडक. माझा प्रोग्रामही आतच होता. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा आली की टूल पत्ता तिथेच तोडत होतं.

पुण्याला फोन लावला.

"हो, स्पेस चालत नाही," तिकडचा माणूस म्हणाला. "हे सगळ्यांना माहीत असतं."

"त्या सगळ्यांत मला धरलं नव्हतं का?"

"नाव बदलून टाका ना, एवढं काय!"

नानांना विचारलं. ते खुर्चीतून उठलेच. "गनपतीनं नाव बदलस का कोनी?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. शुभ कामाला श्री गणेश म्हणणारा माणूस मध्ये जागा सोडणारच. ते पुण्यात कोणाच्या डोक्यात येऊ नये?

कॉलेजच्या लॅबमध्ये आम्हाला जुनं डॉसच शिकवलं होतं. लांब नावाच्या प्रत्येक फोल्डरला मशीन आपलं एक आखूड नाव ठेवतं, मोकळ्या जागेशिवाय, हे त्यामुळे मला ठाऊक होतं. क्लासपाथमध्ये ते आखूड नाव घातलं. प्रोग्राम चालला. प्रिंटर किरकिरत सुरू झाला, पहिलं बिल बाहेर आलं, नानांनी ते कपाळाला लावलं. मी अजून पुण्याच्या नावाने पुटपुटतच होतो.

"चालनं ना आते? मंग कोनले शिव्या दी ऱ्हायना?"

मी भाऊंना फोन केला. पुण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगा, चढ्या आवाजातच म्हटलं.

"शाब्बास. आजपासून कायम. आता राग सोड."

"कायम केलंत ना? मग पुण्याला आधी ती ओळ बदलायला सांगा. बदलली की सोडतो."

भाऊंनी सांगितलं, मीही दोन पानं लिहून पाठवली. पुढच्या वर्षी नवं मॅन्युअल आलं. कागद गुळगुळीत, चित्रं जास्त. ओळ तीच होती.