थेट दर्शनातले चाळीस सेकंद

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मी रोज पूजा करणारा माणूस नाही. कुपवाडच्या एका कारखान्यात संगणकांची देखभाल करतो. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि नीट शोधलं की ते सापडतं, एवढीच माझी श्रद्धा होती. देवघरातला दिवा आई लावायची, नंतर माझी बायको रेखा लावू लागली. मी फक्त सणावारी हात जोडायचो, तेही घाईत.

श्रावणात आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, पाय थोडाफार सुधारेल, बोलण्याचं काही सांगता येत नाही. विश्रामबागेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत तिचा पलंग टाकला. आठ महिने ती एक शब्द बोलली नाही. पण माझ्या मनाला खात होतं ते वेगळंच. त्याच वर्षी चैत्रात गावच्या भैरोबाची यात्रा होती. गाव आष्ट्याजवळ, आमच्या घरापासून तासाभराच्या आत. आईने मला चार वेळा विचारलं होतं, आणि कारखान्यात नवी यंत्रणा बसवायची होती म्हणून मी चारही वेळा “पुढच्या वर्षी नक्की” असं म्हणून टाळलं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिची चुकलेली ती पहिली यात्रा. आता तिला भिंतीकडे तोंड करून पडलेलं पाहिलं की ते “नक्की” माझ्या कानात वाजायचं.

फाल्गुनात गावाहून सुभेदार काकांचा फोन आला. काका फौजेतून निवृत्त झालेले. यात्रेची सगळी व्यवस्था तेच बघतात आणि देवाच्या सासनकाठीचा मान त्यांच्याच घराण्याकडे आहे. सासनकाठी म्हणजे तीस-पस्तीस फुटांचा उभा बांबू, वर निशाण, आणि तोल सांभाळायला चारी बाजूंनी दोर धरलेले गडी. आमच्या गावात घरटी एक माणूस सैन्यात आहे. काका म्हणाले, “पोरं तिकडं बर्फात बसल्यात. त्यास्नी हितली यात्रा जाग्यावर दिसंल असं काय तरी कर की. तू कॉम्प्युटरातला हायस न्हवं?”

मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात जवान नव्हते, आई होती. तिला गावी नेणं शक्य नव्हतं. देवच तिच्या पलंगासमोर आणून उभा करावा आणि त्या चार नकारांतून सुटावं, असा माझा हिशेब होता.

थेट प्रक्षेपण मी कधी केलं नव्हतं. एका क्लाउड सेवेवर खातं उघडलं आणि आठवडाभर कामावरून आल्यावर तेच करत बसलो. आधी चित्र आत घेण्यासाठी एक इनपुट बनवायचं, मग चॅनेल बनवायचं, मग दोन्ही जोडायची. तिथून मिळालेला पत्ता आणि गुप्त किल्ली लॅपटॉपमधल्या एन्कोडरमध्ये, म्हणजे चित्र पुढे पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, भरायची. पहिले दोन दिवस पडदा काळाच राहिला. तिसऱ्या दिवशी कळलं की मी चॅनेल बनवलं होतं, पण सुरू करायलाच विसरलो होतो. ते सुरू झालं तेव्हा समोर ठेवलेला पाण्याचा तांब्या टीव्हीवर दिसला आणि मला लहान मुलासारखा आनंद झाला. एक गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात आली. क्लाउड चित्राचे छोटे छोटे तुकडे करून ते पुढे पाठवतं, त्यामुळे इथे घडलेलं तिथे दिसायला वेळ लागतो. मी घड्याळ लावून मोजलं. चाळीस सेकंद. पुन्हा पुन्हा मोजलं, तेवढेच आले.

यात्रेच्या तीन दिवस आधी मी चाचणी घ्यायला गावी गेलो. देवळासमोर जुनी तालीम आहे, तिच्या ओसरीवर कॅमेरा लावला. समोर पटांगण, पलीकडे देवळाचं दार, आत गाभारा. भर दुपारची वेळ, गुरव जेवायला गेलेला, पटांगणात चिटपाखरू नव्हतं. घरी रेखाने टीव्ही लावला आणि मला फोन केला. चित्र स्वच्छ येतंय म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “अहो, तिथं कोण आलंय का?”

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, आई टीव्हीकडे वळल्यात, आणि कुणी चालत यावं तशी त्यांची नजर देवळाच्या दारापासून पुढे पुढे येतेय. मग म्हणाली, डाव्या हाताने त्यांनी डोक्यावर पदर घेतला. आमच्याकडे वडीलधारं माणूस समोर आलं की घेतात तसा. मी पटांगणाकडे पाहिलं. ऊन होतं, दगडी फरशी होती, बाकी काही नव्हतं. रेखा म्हणाली, आता त्या पडद्याच्या कडेला बघतायत, जिथं चित्र संपतं तिथं. तिथं म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे. तिथे मी बसलो होतो. माझ्या पाठीमागे ओसरीची भिंत होती हे मला ठाऊक होतं, तरी मान वळवून बघायचं धाडस झालं नाही. मी चॅनेल बंद केलं, सामान आवरलं आणि गाडी काढली. रात्री रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं. उन्हात पडलेली रिकामी फरशी, बस्स. आजारी माणसाची नजर भरकटते, असं स्वतःला समजावलं.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून गाव भरलं होतं. छबिना, म्हणजे पालखी आणि काठीची मिरवणूक, निघाला की वीज मंडळ दरवर्षी त्या गल्लीचा पुरवठा बंद करतं, कारण उंच काठी वरच्या तारांना लागायची भीती असते. वीज नाही म्हणून मी जनरेटर आणला होता. त्याचा आवाज प्रक्षेपणात येऊ नये म्हणून तो गल्लीच्या पलीकडे, गावच्या विकास सोसायटीच्या आवारात ठेवला, आणि तिथून तालमीपर्यंत गल्लीच्या तोंडावरून काळी वायर ओढून घेतली. पालखी आरामात खालून जाईल एवढ्या उंचीवर बांधली होती. मला आवाजाची काळजी होती, चित्राची होती, नेटच्या वेगाची होती. काठीमुळेच वीज बंद करतात हे मला माहीत होतं, मीच ते रेखाला समजावून सांगितलं होतं. तरीही त्याच काठीच्या वाटेवर मी एक जिवंत तार बांधली आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. 

दुपारी प्रक्षेपण सुरू झालं. लडाखपासून आसामपर्यंत गावची मुलं बघत होती, त्यांचे निरोप येत होते. रेखा फोनवर होती. फोन स्पीकरवर टाकून मी लॅपटॉपशेजारी ठेवला होता. गाभाऱ्यात गुरवाने पडदा सरकवला, गुलाल उडाला, ढोल घुमू लागला. माझ्या डाव्या हाताला गल्लीच्या वळणावर काठी आली. अजून ती पटांगणात यायची होती, कॅमेऱ्यात तर नव्हतीच. बायका घागरीने काठीवाल्यांच्या पायांवर पाणी घालत होत्या, फरशी ओली झाली होती. सगळ्यांची नजर निशाणाच्या टोकाकडे, आणि मी लॅपटॉपच्या पडद्यावरचे आकडे बघत होतो.

तेवढ्यात फोनमध्ये रेखा काहीतरी ओरडली. ढोलात मला नीट कळलं नाही. मग ती म्हणाली, “अहो, आई बोलल्या. आई बोलल्या.” तिच्या मागून, आठ महिने न ऐकलेला, जड आणि घोगरा आवाज आला.

“तार.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण तो आवाज खोलीतून आल्यासारखा वाटला नाही, कानाशी आला. मी आधी कॅमेऱ्याची वायर चाचपली. ती ठीक होती. आवाज पुन्हा आला, “तार.” तेव्हा मी मान वर केली. काठी वायरपासून पाच-सहा पावलांवर होती, नाचत सावकाश पुढे सरकत होती.

ओरडलो असतो तर ढोलात कुणाला ऐकू गेलं नसतं. मी ओसरीवरून उडी टाकली आणि गर्दीतून पळालो. माझा खांदा कुणाकुणाला लागला, एका बाईची घागर पडली, कुणीतरी शिवी दिली. सोसायटीच्या आवारात शिरून मी जनरेटरचं बटण खाली दाबलं. त्याची धडधड थांबते न थांबते तोच मागून कडकन आवाज झाला. बांबूत अडकून वायर ताणली गेली आणि तुटली होती. तिचं उघडं टोक सापासारखं सळसळत खाली आलं आणि ओल्या अंगाने दोर धरून उभ्या असलेल्या सुभेदार काकांच्या खांद्यावर पडलं.

काकांनी ती मेलेली तार दोन बोटांनी उचलली. तार बघितली, बंद पडलेला जनरेटर बघितला, मग मला बघितलं. त्यांना सगळं समजलं होतं. मी काही बोलायच्या आत ते हळूच म्हणाले, “आता कुणाला काय सांगू नगंस. आदी आत जा, डोकं टेक.” ढोल थांबला नव्हता. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कपाळ टेकलं. तिथे मी काहीही मागितलं नाही.

प्रक्षेपण अर्थातच तिथेच तुटलं. जवानांना काठी दिसलीच नाही. संध्याकाळी सगळं आटोपल्यावर मी जमलेल्या मंडळींसमोर माझी चूक कबूल केली. कुणी रागावलं नाही, आणि ते मला जास्त जड गेलं. घरी आलो तेव्हा आई जागी होती. तिच्या पलंगाशी बसून मी सगळं सांगितलं, तार कशी दिसली म्हणून विचारलं. ती पुन्हा गप्प झाली होती. 

पुढे कितीतरी दिवस मी ते रेकॉर्डिंग घेऊन बसलो. सवयच तशी, कारण शोधायची. आईचा आवाज फोनमधून कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनने टिपला होता, त्यामुळे वेळ बरोबर जुळवता आली. ती “तार” म्हणाली तेव्हा घरच्या टीव्हीवर चाळीस सेकंदांपूर्वीचं चित्र होतं. गुरव पडद्याला हात लावत होता, गुलालसुद्धा उडाला नव्हता. आणि ती वायर तर कॅमेऱ्याच्या नजरेत कधीच नव्हती, आधीही नाही आणि नंतरही नाही.  याचं उत्तर कुणी दिलं तर मी ऐकून घेईन, वाद घालणार नाही.

वैशाखात एका सकाळी मी तिला चमच्याने चहा पाजत होतो. यात्रेचा विषय निघाला नव्हता, मी काही विचारलंही नव्हतं. तिने माझं मनगट धरलं, ओठ जुळवायला बराच वेळ घेतला, आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तशी म्हणाली,

“तू... वर... बघत न्हवतास.”

त्या दिवशी कॅमेरा देवाकडे तोंड करून होता. मी त्याच्या मागे होतो, एकाही चित्रात मी नाही. देव तिला दाखवायचा म्हणून मी एवढा खटाटोप केला, आणि तिकडून कुणीतरी माझ्यावरच नजर ठेवून होतं. ती आई होती की आईच्या डोळ्यांनी आणखी कुणी, हे मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. कारण शोधायचं मी तिथे थांबवलं. असं थांबता येतं, हेही मला माहीत नव्हतं. चहा गार झाला होता. मी कप बाजूला ठेवला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिने चालता डावा हात माझ्या मानेवर ठेवला.