पेलेनातोची कोरी यादी

माझा धाकटा भाऊ पेलेनातो गावातल्या कुणीही पत्र टाकावं अशी स्वतःची वेबसाइट चालवतो. आख्ख्या सवाई बेटावर असा दुसरा दाखवा! नारळ सोलून पैसे जमवले आणि मीच शिकवलंय त्याला.

मागच्या महिन्यात तिथे कुणीतरी बिननावाचं पत्र टाकलं, की गावच्या टाकीचं पाणी आधी गावप्रमुखांच्या घरी जातं. लिहिणारा शोधायला पंचायत बसली. मी छाती काढून म्हणालो, "माझ्या भावाच्या मशीनमध्ये सगळ्यांची नोंद असते. आत्ता आणतो यादी."

घरी गेलो, तर पेलेनातोनं कपाळावर हात मारला. "दादा, यादीच नाहीये. कोण आलं, कुठून आलं, हे मी मशीनला लिहूच देत नाही."

"का रे? नोंद चालू ठेवायला तुझं काय जातं?"

"माझं नाही, लिहिणाऱ्याचं जातं."

पंचायतीत गावप्रमुख तुइलागी ओरडले, "नाव सांग, नाहीतर गाव सोड!" भावानं मशीन उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. तारीख आणि मजकूर, बाकी सगळं कोरं.

"जे ठेवलंच नाही, ते कुठून देऊ?"

म्हातारे बराच वेळ कुजबुजले. शेवटी गाव सुटलं नाही, पण प्रमुखांचा मान राखायला एक डुक्कर द्यावं लागलं. माझं. गावातलं सगळ्यात मोठं!

परतताना मी विचारलं, "काहीच ठेवायचं नाही, हे काय काम झालं?"

"प्रत्येक अपडेटनंतर मशीन आपोआप नोंदी चालू करतं, दादा. ते बघून पुन्हा बंद करावं लागतं."

मला अजून काही उमगलेलं नाही. पण ते काम माझ्या भावालाच जमतं, एवढं नक्की.