हात वर करायची भीती

आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या बाईंइतकं घाबरट माणूस कल्याण-डोंबिवलीत दुसरं झालं नाही, आणि झालं असेलच तर ते भीतीपोटी घराबाहेर पडलं नसणार. बाई डोंबिवलीत आमच्या शेजारच्या इमारतीत राहायच्या. लिफ्ट मध्येच अडकेल म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढायच्या आणि जिन्यात कुणी भेटेल म्हणून खोकत चढायच्या. कुरिअरवाल्यानं बेल वाजवली की दार न उघडता आतून सांगायच्या, "मी घरी नाही हो!" बँकेतून फोन आला की आधी माफी मागायच्या, मग कोण बोलतंय ते विचारायच्या. गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या वाटेतून परत जायच्या, आणि ते बघून निघाल्यावर, आता दाराला कुलूप लावलं का, म्हणून पुन्हा मागे. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल, त्यामुळे रिक्षेत अनेकदा त्यांच्यासोबत असायचो. रिक्षा जरा वेगात गेली की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "तुम्ही बघा, मी बघत नाही."

या बाई सकाळचा वर्ग घ्यायच्या. सकाळचा वर्ग म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांचा. कुणी मेडिकलच्या काउंटरवर, कुणी गोदामात, कुणी घरोघरी पार्सलं पोचवणारा. तास संपला की ही मुलं थेट कामावर पळायची. दरवर्षी बाई त्यांना इंग्लंडमधल्या कामगारांची मताच्या हक्काची चळवळ शिकवायच्या, आणि तो धडा आला की मी ग्रंथालय शिपायावर सोपवून मागच्या बाकावर जाऊन बसायचो. बाईंचा आवाज त्या दिवसांत बदलायचा. "मतदान तेव्हा उघड्यावर व्हायचं. समोर गिरणीचा मालक. तुम्ही मोठ्यानं नाव घ्यायचं. नको ते नाव घेतलं की उद्यापासून कामावर यायचं नाही. आणि बहुतेक कामगारांना तर तेवढंही मत नव्हतं." एकदा मोहन्याहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग एवढी मोठी चळवळ करताना त्यांना भीती नाय वाटली?"

"वाटली तर!" बाई म्हणाल्या. "वाटली म्हणूनच तर त्यांनी मताची पेटी मागितली. शूर माणसाला पेटी कशाला हवी? तो चौकात उभा राहून सांगेल. पेटी आपल्यासारख्यांसाठी असते."

"जिंकले का ते?"

"नाही गं. तीनदा अर्ज नेला. एवढा मोठा की माणसांनी खांद्यावर वाहून न्यावा लागला. तीनदा नाकारला. बऱ्याच मागण्या मान्य झाल्या, पण फार नंतर." हे सांगताना त्या रुमाल काढायच्या, आणि आपण रडतोय हे कुणाला दिसेल या भीतीनं फळ्याकडे तोंड करायच्या.

मग एका वर्षी हा सकाळचा वर्गच बंद करायचं ठरलं. सभेला संस्थेचे चिटणीस स्वतः आले. मुलं कमी, वीजबिल जास्त, असं काहीबाही सांगून ते म्हणाले, "आपण सगळे एका कुटुंबातले. कुणाचा विरोध असेल तर बिनधास्त हात वर करा." आणि टेबलावर कोपरं टेकून एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सभागृहात कुणी पाणीसुद्धा पीत नव्हतं. अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावरचे, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक, आणि ती नेमणूक याच गृहस्थांच्या हातात. जो तो आपल्या चपला न्याहाळत होता. माझ्या शेजारची खुर्ची करकरली. बाई उठल्या होत्या. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"सर, मतं चिठ्ठ्यांवर घ्या ना."

"का हो बाई? आम्ही काय खातो का?"

"मला भीती वाटते, सर. हात वर करायची मला भीती वाटते. इथे आणखीही कुणाला वाटत असेल."

चिटणीस मोठ्यानं हसले. पाठोपाठ दोनचार जण हसले. पण बाई खाली बसेनात. बहुधा गुडघे वाकवायचीही हिंमत उरली नसावी. शेवटी चिटणीसांनी "घ्या, त्यांची हौस होऊ दे," म्हणत मान हलवली. जिमखान्यातून बुटांचा रिकामा खोका आला. चिठ्ठ्या मी उघडल्या. थोड्याच फरकानं, पण वर्ग वाचला.

पुढचे कित्येक आठवडे शिपाई नुसता दारात दिसला तरी बाई पर्स आवरून उभ्या राहायच्या. मेमो आला नाही. परीक्षेची देखरेख मात्र शीळफाट्याच्या पलीकडच्या केंद्रावर लागली. तिथल्या ट्रेलर-डंपरांमधून त्या रोज गेल्या, आणि रोज पोचल्यावर मला फोन करून सांगायच्या, "आहे हो अजून." बाई निवृत्त झाल्या, कोपरीला भावाकडे राहायला गेल्या, आणि त्यानंतर एका सुट्टीत, सभाबिभा न घेता, तो वर्ग बंद झाला. मी फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "मुलांना कुणी सांगितलं तरी का?"

मागच्या निवडणुकीत त्यांचं नाव अजून डोंबिवलीच्याच यादीत होतं. कोपरीहून एकट्या आल्या. शाळेच्या फाटकावर बंदूकवाला पोलीस बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं. रांगेत मी त्यांच्या मागे होतो. पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेल्या त्या बाहेर येईनात. अधिकाऱ्यानं दोनदा हाक मारली, "आजी, झालं का?" तेव्हा कुठे यंत्राचा आवाज आला.

"काही अडलं का?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"नाही हो. बटण कधीच ठरलं होतं. जरा उभी राहिले. तिथे मला भीती वाटत नाही."

एवढं बोलून त्या फाटकाबाहेर आल्या, गाड्यांची वर्दळ बघून थबकल्या, आणि रस्ता ओलांडायला त्यांनी माझी बाही घट्ट धरली.