न फुंकलेल्या सिगारेटींच्या रेघा

बसची बॉडी बांधून झाली, पत्र्याच्या खाचाखळग्यांत लांबी भरून घासली, रंगही वाळला, की शेवटी तिच्या अंगावर एक रेघ येते. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, जेमतेम करंगळीएवढी. सरळ असली तर कोणी बघत नाही. वाकडी झाली तर गाडीत चढणारा प्रत्येक जण तेवढंच बघतो. आमच्या कारखान्यात ही रेघ माझे धाकटे दीर मारतात. मी तिथंच मागच्या शेडमध्ये सीटची कव्हरं शिवते आणि घरी आमचं दाराला दार लागून आहे. त्यामुळे भावजी मला दोन्हीकडे दिसतात.

रेघ मारताना ते श्वास रोखतात. लांब केसांचा ब्रश, करंगळी पत्र्याला टेकलेली, पावलं खेकड्यासारखी आडवी. एका दमात दोन खिडक्या मागे पडायच्या. आणि एक बाजू संपली की फाटकाबाहेर सिगारेट. थिनरच्या डब्यांमुळे आत काडी पेटवायला बंदी, म्हणून वॉचमनच्या खुर्चीजवळ यांचा कायमचा मुक्काम. कारखान्यात त्यांना सगळे ‘धुरांडं’ म्हणायचे. तेही हाकेला ओ द्यायचे.

मग खोकला सुरू झाला. आधी सकाळचा, नंतर दिवसभराचा. एका गाडीच्या मागच्या चाकाजवळ रेघेनं उडी मारली. पुसून पुन्हा मारली, तर तिथंच पुन्हा उबळ. गाडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी रेघेच्या जागी चिकटवायच्या रंगीत पट्टीचं भलंमोठं भेंडोळं आणून टेबलावर ठेवलं.

“मी तुझ्या वाईटावर नाही रे,” ते म्हणाले. “पण पट्टी खोकत नाही. ही शेडमधली गाडी तू कर. तिची रेघ सरळ आली तर तू, नाहीतर यापुढं ही पट्टी.”

त्या संध्याकाळी भावजींनी राहिलेलं पाकीट चुरगळून बायकोच्या हातात दिलं. माझी जाऊ हुशार; तिनं ते लगेच बादलीत बुडवलं.

त्यानंतर उपायांचा नुसता पाऊस. ज्याला त्याला औषध ठाऊक! वॉचमन म्हणाला लवंग धरा, शेजारीण म्हणाली ओवा चावा, मी आल्याचे तुकडे मीठ लावून डबीत भरून दिले. भावजींनी लवंगांचा असा सपाटा लावला की जीभ बधिर. भाजीत मीठ नव्हतं तरी मुकाट्यानं जेवले.

“एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नावं न ठेवता जेवलात,” जाऊ म्हणाली.

“चव कळली असती तर ठेवली असती!”

पण हाताचं काय करायचं? तोंडात लवंग असली तरी बोटं आपली खिसा चाचपायची. चिडचिड तर विचारू नका. दार वाजलं तरी खेकसत.

शेवटी जाऊ त्यांना दवाखान्यात घेऊन गेली आणि येताना बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानात. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, “झाडपाल्यानं घशाला बरं वाटेल. सोडायची मात्र तुम्हालाच आहे.” दुकानदारीणबाईंनी ज्येष्ठमधाच्या काड्या बांधून दिल्या. “गोड लागते म्हणून ऊस समजू नका. दिवसाला एक छोटी काडी, पुष्कळ झाली. जास्त खाल्लीत तर रक्तदाब वाढेल.”

काडी चघळून चघळून तिचं टोक पिंजलं आणि त्याचा झाला ब्रश! दुसरा कोणी असता तर थुंकून टाकून मोकळा झाला असता. हे पडले रंगारी. त्यांनी ती धुतली, वाळवली, उरल्यासुरल्या रंगात बुडवली आणि पाण्याच्या पिंपावर एक रेघ मारली. मग ठरूनच गेलं. तलफ आली की एक रेघ. स्टुलाला रेघ, कुंड्यांना रेघ, केरसुणीच्या दांड्याला रेघ. जावेचा पिठाचा डबा तर झेब्र्यासारखा दिसायला लागला.

“ताई, उद्या मला उभी करतील आणि माझ्यावर मारतील,” ती म्हणायची. पण डबा कोणाला पुसू द्यायची नाही.

एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली. तोंड उतरलेलं. “ताई, आज घरात कुठंच नवी रेघ नाही.”

आम्ही दोघी आत गेलो. भावजी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. तिनं आवाज चढवला नाही. “किती?” एवढंच विचारलं.

“दोन. फाटकापाशी एकानं पुढं केली. नाही म्हणता आलं नाही.”

मला वाटलं, आता संपलं. जाऊ आत गेली, वाळलेली काडी आणि रंगाची वाटी घेऊन आली आणि त्यांच्यापुढं ठेवली. “स्वयंपाकघराचं दार कोरं आहे अजून. करा सुरू.”

मी घरी येऊन देवापुढं हात जोडले. मागणं मोठं नव्हतं. म्हटलं, त्यांच्या रेघेपुरता श्वास दे, बाकीचं ते बघतील.

गाडी तयार झाली त्या दिवशी मालक स्वतः येऊन उभे राहिले. माझं मशीन मी बंद केलं. आवाजानं भावजी दचकायला नकोत. भावजींनी काडी दातांत धरली, खडू लावलेली दोरी ताणून पत्र्यावर सरळ खूण उठवली, ब्रश टेकवला आणि निघाले. एक खिडकी, दोन. थांबून श्वास, पुन्हा दोन. मागचं चाक आलं. त्यांचा गळा हलला. ते थांबले, ब्रश उचलला, डोळे मिटून काडी एकदा चावली, आवंढा गिळला. उबळ आली तशी गेली. ब्रश जिथून उचलला तिथंच पुन्हा टेकला आणि रेघ चाकावरून सरळ मागच्या दिव्यापर्यंत गेली.

मालक वाकून, एक डोळा मिटून बघत राहिले. मग म्हणाले, “जोड कुठंय रे?”

“शोधा,” भावजी म्हणाले.

त्यांनी शोधला, सापडला नाही. भेंडोळं उचलून त्यांनी कपाटावर टाकलं, आणि वॉचमननं दारातून ओरडून सांगितलं, “धुरांड्याला नवं नाव शोधा रे कोणीतरी!”

मी जावेला फोन लावला. तिनं ‘हॅलो’ही म्हटलं नाही. “खोकला?”

“नाही.”

पलीकडं काहीतरी सरकल्याचा आवाज आला. ती त्या रेघारेघांच्या स्टुलावर मटकन बसली असणार. मग नाक ओढत म्हणाली, “ताई, येताना त्यांना रंगाचा छोटा डबा आणायला सांगा. दार अर्धंच झालंय.”