डोंगराजवळून गेलेलं विमान

औरंगाबादला विमानानं जायची माझी पहिलीच वेळ. चिकलठाण्याच्या नव्या कारखान्यात बॉयलर बसवायचा होता, म्हणून साहेबांनी हौसेनं तिकीट काढून दिलं. मला अगदी पुढची जागा मिळाली. दौलताबादकडचे डोंगर ढगात बुडाले होते. विमान उतरू लागलं आणि वैमानिकाच्या केबिनच्या अर्धवट उघड्या दारातून यंत्राचा कोरडा आवाज आला, "टेरेन, टेरेन! पुल अप!" (जमीन जवळ आली, वर घ्या!)

विमान एकदम वर उचललं गेलं. ढगाच्या फटीतून डोंगराची कड अगदी पायाखाली दिसली. मी कुलदैवताचं नाव घेतलं, तेही अर्धंच आठवलं. दुसऱ्या खेपेला सुखरूप उतरलो.

शहरात विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं. खानावळीत ताट वाढण्याआधी आडनाव विचारलं. तो घास मला गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी बंद होता, कारखान्याला कुलूप. कारखान्याच्या जीपचे ड्रायव्हर गफारभाई म्हणाले, "साब, बैठके क्या करते? देवगाव रंगारी चलो, मेरे भाई के घर."

वाटेत दौलताबादच्या घाटात जीप तापली. पाणी मागायला रस्त्याकडेच्या वाड्यावर (मेंढ्या कोंडायचा उघडा तळ) गेलो. तिथं एक म्हातारी धनगरीण चुलीशी बसली होती. बोलता बोलता गफारभाई म्हणाले, "मावशी, ये साब कल के विमान में थे. मरते मरते बचे."

म्हातारी ताडकन उठली.

"त्येच इमान? लई खाली आलं व्हतं बाबा! म्या घोंगडी हालवली, वरडले, वर जाय, वर जाय! मंग ढगात गेलं. मानसं उतरली का नाय, कुनाला इचारावं? रातभर डोळा लागला नाय."

तिनं माझा हात दोन्ही हातांत घेऊन चाचपला.

"आन् बाकीची?"

"सगळी उतरली, मावशी."

ती मटकन खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली. मग तिनं आम्हा दोघांना एकाच टोपलीतून भाकरी आणि लसणाची चटणी दिली. मी पोटभर जेवलो.

काम आटोपून परत निघालो. विमान त्याच डोंगरांवरून ढगात शिरलं. घरी सगळे वाट पाहत होते, पोचल्याचं त्यांना कळणारच होतं. घाटातल्या त्या म्हातारीला कोण सांगणार?