मद्रासच्या फोनवरची ‘की’

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा माझे आई-वडील मंद्रूपजवळच्या रस्त्यावर खडी फोडत होते. दुष्काळाचं साल होतं. विहिरीत नुसता चिखल होता. कामावर खायला मिळालेली सुकडी आई पदरात बांधून आणायची, तीच धाकट्या भावंडांचं रात्रीचं जेवण. मी सोलापुरात, शुक्रवार पेठेत आत्याकडं राहून शिकत होते. पास झाले. माझ्याआधी आमच्या घरात सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, हे मी आजही ताठ मानेनं सांगते.

चादरींच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात मला घेतलं, पण महिनाभर बघून मग कायम करणार, या बोलीवर. काम टायपिंगचं, आणि मद्रासच्या पार्टीशी, म्हणजे माल घेणाऱ्या शेठशी, फोनवर इंग्रजीत बोलण्याचं. टायपिंग येत होतं. इंग्रजी मी वाचलं होतं, लिहिलं होतं, पाठ केलं होतं. तोंडानं मात्र ‘प्रेझेंट सर’च्या पुढं कधी गेले नव्हते. ही नोकरी टिकली, तरच आई-वडील त्या रस्त्यावरून उठणार होते.

दुसऱ्याच आठवड्यात मद्रासचा ट्रंक कॉल लागला. तीन मिनिटांची वेळ. मालक समोर उभे. पलीकडून खणखणीत आवाज आला, “गुड्स रेडी?”

“रेडी की, सर.”

“व्हिच की?”

मला वाटलं, माल कुठं आहे असं विचारतायत. “इन गोडाऊन की, सर.”

“गोडाऊन की? लॉस्ट?”

मी ऐकलं ‘लास्ट’. त्या हंगामातले ते शेवटचेच गठ्ठे होते. मी मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं, “येस की, सर, लास्ट!”

तेवढ्यात वेळ संपली, लाइन तुटली. संध्याकाळी तार आली: गोदामाची किल्ली हरवली असेल, माल बाहेर निघत नसेल, तर ऑर्डर रद्द समजा.

मालकांनी तार दोनदा वाचली. “सोमवारी परत फोन लावू,” ते म्हणाले. “बोलायचं तुमीच. जमलं तर ऱ्हावा, न्हाय तर रामराम.”

हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले, “काय हो ग्रॅज्युएट, घावली का किल्ली?”

आमच्याकडं नुसतं ‘हो’ कुणी म्हणत नाही. व्हय की, आलो की, दिलं की. नुसतं ‘व्हय’ म्हणजे तोडून बोलल्यासारखं. ‘की’ लावलं की त्यात मान येतो. माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं, पण मान मंद्रूपचा होता. चूक कळली, तरी जीभ ऐकेना. मोठ्या माणसाला कोरडं ‘येस’ म्हणायचं म्हणजे उलट उत्तर दिल्यासारखं वाटायचं.

रविवारी आत्या उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसली होती. तिचं सासर अक्कलकोटकडचं, बोलण्यात निम्मं कानडी; इंग्रजीचा एक शब्द ठाऊक नाही. मी भिंतीकडं तोंड करून फोनवरची इंग्रजी वाक्यं घोकत होते. एकाएकी सूप थांबलं.

“हां! आत्ता कळलं बग मला.”

“काय कळलं?”

“की म्हणालीस की!”

मी तिच्यासमोर जाऊन बसले. “आत्या, मी बोलत ऱ्हाते. तुला कायबी कळलं, की सूप आपट.”

“येड लागलं का काय पोरीला? मला कळलं तर वाईट व्हय?”

“लई वाईट.”

त्या दुपारी सूप किती वेळा आपटलं, कुणास ठाऊक. शेजारीण विचारून गेली, घरात उंदीर शिरलाय का. दिवेलागणीला आत्या कंटाळून म्हणाली, “आता मला कायच कळंना झालंय.” तेव्हा मी उठले.

सोमवारी फोन वाजला. हेडक्लार्कांचं लिहिणं थांबलं. मी रिसीव्हर उचलला.

“इज द गोडाऊन ओपन?”

“येस, सर.” पुढचं मी दाताखाली दाबलं. मग त्यांनी भराभर काहीतरी विचारलं, त्यातलं मला अक्षर कळलं नाही. मालक बघत होते. हो म्हणावं, की नाही?

“प्लीज स्पीक स्लोली, सर,” मी म्हटलं.

हेडक्लार्कांनी जीभ चावली. पार्टीला ‘हळू बोला’ म्हणणारं त्या ऑफिसात कुणी नव्हतं. पण पलीकडचा आवाज खरंच हळू झाला. मी एकेक शब्द ठेवत गेले: किल्ली हरवलेली नाही, ‘की’ हा आमचा मराठी शब्द, मान देण्यासाठी म्हणतो, माल उद्या निघतो. इतक्यात ऑपरेटर मध्ये आली. थ्री मिनिट्स, एक्स्टेंड? वेळ वाढवली, की पैसेही वाढणार होते.

मी मालकांकडं पाहिलं नाही. “येस. एक्स्टेंड,” म्हटलं.

मद्रासच्या शेठनी सगळं ऐकून घेतलं. “ओके. सेंड,” एवढंच म्हणाले. मी फोन ठेवला.

गठ्ठे मंगळवारी निघाले. महिनाअखेरीला मालकांनी मला कायम केलं, आणि मद्रासशी इंग्रजीत बोलण्याचं काम पक्कं माझ्याकडं आलं.